नाव घ्या, अध्यक्ष महोदया

जेवण झालं आहे, गोळी घेऊन झाली आहे, आणि कमलिनीबाईंचा डोळा लागतो न लागतो तोच पलंगाच्या पायथ्याशी कोणीतरी बुटांवरचा बर्फ झटकतं. तीन ठोके डाव्या पायाचे, एक उजव्याचा.

"अहो, गालिचा भिजेल ना!"

माणूस जाऊन अकरा महिने झाले, आणि पहिलं वाक्य काय, तर गालिचा! जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. यांची तर मेल्यावरही गेलेली नाही.

"चल कमल, चौदा घरं राहिलीत," हातातली निवडणुकीची पत्रकं सारखी करत श्रीरंगराव म्हणतात.

पलंगावरून उतरलेला पाय थेट गुडघाभर बर्फात जातो. कॅनडातलं ते विलो क्रीक, उणे तीसची थंडी. एक गोरा म्हातारा दार उघडून अडखळतो, "टिप... टिपनी... काय म्हणालात?"

"टिपणीस. पण नुसतं टिप म्हणा," ते हसतात.

गणिताचे मास्तर दोनदा पडले, तिसऱ्यांदा निवडून आले, आणि पुढे सात वर्षं प्रांताचे रस्तेमंत्री झाले. लोक त्यांना टिप म्हणत, अधिकारी मिनिस्टर म्हणत, आणि घरी 'अहो'. बायकोनं नवऱ्याचं नाव घ्यायचं ते लग्नात, उखाण्यात, तेही लाजत!

म्हाताऱ्याच्या दाराआड घर नाहीच, विधानसभा आहे. आणि अध्यक्षांच्या उंच खुर्चीत कोण? साक्षात कमलिनीबाई, घरातल्या गाउनवर. बाकं रिकामी. फक्त आपल्या जुन्या जागी श्रीरंगराव उभे राहतात.

"अध्यक्ष महोदया, माझं नाव घ्या."

"इश्श! काहीतरीच काय!"

 दवाखान्यातल्या शेवटच्या दिवशीही त्यांनी हेच मागितलं होतं. "एकदा नावानं हाक मार गं." नर्स शेजारीच होती. त्या लाजल्या आणि म्हणाल्या, "घरी गेल्यावर." घरी त्या एकट्याच आल्या.

"आई गेल्यापासून मला कुणी नावानं हाक मारली नाही गं," ते म्हणतात.

बाईंना इथला नियम ठाऊक आहे, श्रीरंगरावांनीच तर तो एकदा जेवताना हसत हसत सांगितला होता. सभागृहात कुणी कुणाचं नाव घेत नाही, मतदारसंघावरून ओळखायचं. आणि अध्यक्षांनीच नाव घेतलं, तर त्या सदस्यानं मुकाट उठून बाहेर जायचं.

"मी नाव घेतलं तर तुम्हाला जावं लागेल."

"हो, जावं तर लागेलच."

"मग नाहीच घेत. बसा तिथे. भाषण करा. खडीवर बोला, डांबरावर बोला, तासभर बोला. एकदाही जांभई देणार नाही, शप्पथ!"

ते बसतात. नुसते तिच्या ओठांकडे बघत राहतात, त्या दिवशी उशीवरून बघत होते तसे. किती हवा आहे हा माणूस तिला! इथेच, एवढ्याच अंतरावर, कायमचा. पण दुसऱ्यांदा 'नंतर' म्हणायला जीभ उचलत नाही.

"श्रीरंग," ती पुटपुटते.

"ऐकू नाही आलं."

"श्रीरंग! अरे श्रीरंग!"

त्याचा चेहरा असा उजळतो की बस्स. तो उठतो, रीतीप्रमाणे खुर्चीपुढे मान लववतो आणि दाराकडे चालू लागतो. मंत्री निघाला आणि बाक वाजवायला कुणी नाही? मग तीच समोरचं बाक वाजवू लागते. दणादणा, दार बंद होईपर्यंत.

"आई! अगं आई, काय झालं?"

लेक, गार्गी, जिना चढून धापा टाकत आली आहे. खिडकीत दुपारचं ऊन आहे. पलंगाजवळचं छोटं टेबल भिंतीपर्यंत सरकलंय.

"बाबांना नावानं हाक मारलीस तू? खालपर्यंत ऐकू आली. आणि हे काय, हात बघ तुझा!"

उजवा तळवा लालबुंद झालाय, बोटं ठणकताहेत. गार्गी फडक्यात बर्फ गुंडाळून आणते. कमलिनीबाई मूठ घट्ट मिटून घेतात.

"नको गं. जरा वेळ दुखू दे."