मुदतीनंतरची बंदूक

नांदगाव खंडेश्वरच्या शिवारात नत्थुजीकडे ठासणीची एक बंदूक होती. पिकाच्या राखणीसाठी मिळालेला तिचा परवाना तो दरसाल अमरावतीहून नवा करून आणायचा, आणि गावात त्याचा त्याला मान होता. पण रानडुकरं त्या बंदुकीला भीक घालत नसत. एक बार उडवून पुन्हा दारू ठासेपर्यंत कळप अर्धी ज्वारी तुडवून पार व्हायचा.

जपानशी चाललेली लढाई संपली त्या साली फौजेत गेलेला त्याचा धाकटा भाऊ सहदेव ब्रह्मदेशातून परतला. त्याच्या वळकटीत एक आखूड, काळी बंदूक होती. घोडा दाबून धरला की गोळ्या सुटतच राहायच्या. मेलेल्या सोबत्याची आठवण, एवढंच तो सांगे.

काही दिवसांत दवंडी पिटली. असलं फौजी हत्यार कोणत्याच परवान्यावर घरी ठेवता येणार नाही. महिनाअखेरपर्यंत चांदूरच्या तहसिलीत जमा करावं, विचारपूस होणार नाही. सहदेव दुसऱ्याच दिवशी चांदूरला निघाला होता. नत्थुजीनंच त्याला थांबवलं. ज्वारी हुरड्यात आली आहे, ती निघू दे, मग दोघं मिळून जाऊ, म्हणाला. बायकोनं, सुभद्रेनं, बजावून पाहिलं. त्यानं मनावर घेतलं नाही. मुदत संपली तेव्हा ज्वारी उभीच होती.

एका सकाळी सहदेवला न सांगता तो ती बंदूक घेऊन शेतात गेला. कळप दिसताच त्यानं घोडा दाबला, आणि ती त्याच्या हातात आवरेचना. चार डुकरं पडली. तो तडतडाट साऱ्या गावानं ऐकला. ठासणीची बंदूक अशी वाजत नाही, हे पोरासोरांनाही कळत होतं.

दुपारी फौजदार आला. झडतीत सापडलेली बंदूक ओसरीवर ठेवून, ही कोणाची आणि चालवली कोणी, असं त्यानं विचारलं. नत्थुजीच्या लेकीचं लग्न ठरलेलं होतं.

सहदेव पुढे झाला. "माही हाय, साहेब. म्याच चालवली."

नत्थुजीनं मान खाली घातली ती वर केलीच नाही.

अमरावतीच्या कोर्टात सहदेवला दीड वर्षाची सजा झाली. फौजेतला माणूस म्हणून रेल्वेत लागणारी नोकरी हुकली. नत्थुजीचा परवानाही शेवटी गेलाच. सुटल्यावर सहदेव गावी आला नाही. अकोल्याला एका जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाच्या गाठी उचलू लागला.

नत्थुजी दोनदा अकोल्याला गेला आणि इकडचंतिकडचं बोलून परतला. तिसऱ्यांदा मात्र म्हणाला, फौजदाराकडे जाऊन खरं काय ते सांगतो.

सहदेव म्हणाला, "आता सांगून काय होते, दादा? तवा तू तोंड उघडलं असतं, तं म्याच तुले अडवलं असतं. पण तू उघडाले तं पाह्यजे होतं."

सहदेव त्याला स्टेशनावर सोडायला आला, डब्यात जागा पाहून दिली, वहिनीला रामराम सांगितला. गावाकडे कधी येशील, हे विचारायचा धीर नत्थुजीला झाला नाही. गाडी हलली, आणि सहदेव पाळीला उशीर होईल म्हणून लगबगीनं जिनाच्या रस्त्याला लागला.