टाकीवर वाकू नका

२४ फेब्रुवारी, मंगळवार. आभाळ कोरं, वारा अजिबात नाही, दुपारी पंखा लावावा लागला.

रोज डायरी लिहिणाऱ्या माणसाचं एक वाईट असतं. कॉलेजातला वेडेपणा बाकीचे लोक संध्याकाळपर्यंत विसरून जातात. माझ्याकडे तो साचत जातो. या महिन्यात तर सगळा एकाच दगडाभोवती साचला!

मी नांदेडच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. आमच्या मुलांनी बार्नॅकल फक्त आकृतीत पाहिलेला: समुद्रातल्या खडकाला चिकटून राहणारा, बोटाच्या पेराएवढा, पांढऱ्या कवचाचा प्राणी. कवच उघडून तो पिसासारखे पाय पाण्यात हलवतो. ते मुलांनी एकदा तरी डोळ्यांनी पाहावं, म्हणून कोकणच्या सहलीहून बार्नॅकल लागलेला एक दगड आम्ही समुद्राच्या पाण्यासकट बादलीत आणला.

परतीच्या बसमध्ये बादली होती माझी विद्यार्थिनी अश्विनी हिच्या मांडीवर. ती शिरूर अनंतपाळची. तिला न्यायला आलेली आई बादलीत डोकावली.

“समदे काजू घेऊन आले. तू गोटा आणलास!”

*

दगड प्रयोगशाळेतल्या टेबलावर काचेच्या टाकीत ठेवला. प्राचार्यांनी ती पाहिली. “मॅडम, हे टेबल मला कॉम्प्युटरसाठी पाहिजे. शनिवारी येतो. हलताना दिसलं तर राहील. नाहीतर दगड बागेत आणि टाकी भंगारात!”

सहल वर्षातून एकदाच निघते. दुसरा दगड मिळणार नव्हता.

*

टाकीचं पाणी बदलायचं होतं. मी समुद्री मीठ मोजून विरघळवत होते. शिपाई किशनमामा बराच वेळ बघत उभे राहिले.

“म्याडम, विष्णुपुरी धरणाचं चांगलं गोडं पाणी. कामून नासवून राहिले?”

“त्यांना खारटच लागतं, मामा.”

“मग आमच्या बोअरचं न्या की! आयतं खारट हाय!”

*

वर्गात सांगितलं, याचं पिल्लू आधी पोहत फिरतं. आपल्यातले कुठं बसलेत ते हुडकतं, तिथं डोकं चिकटवतं आणि जन्मभर हलत नाही.

मागच्या बाकावरून आवाज आला, “म्हणजे परमनंट झालं!”

मी दुर्लक्ष करून पुढं गेले. यातला प्रत्येक जण नरही असतो आणि मादीही, पण जोडीला दुसरा लागतोच.

अश्विनीनं हात वर केला. “पण मॅडम, जागचं हलता येत नाही, तर जमवायचं कुणाशी?”

“शेजाऱ्याशी.”

“बायोडाटा न बघता?”

तास तिथंच संपला.

*

गणिताचे मोरे सर रोज चहाचा कप घेऊन यायचे आणि कवचावर पेन वाजवायचे. कवच मिटायचं.

“मेलंय.”

“सर, मेलेलं मिटत नाही!”

“मग उघडून दाखवा.”

“तुम्ही गेल्यावर उघडतं.”

“मी गेल्यावर दिसतं? मग ते भूत आहे. झूलॉजीत कशाला ठेवलंय!”

*

शनिवारी प्राचार्य आले. मागं अर्धा स्टाफ. सगळे एकदम टाकीवर वाकले आणि कवचं झटक्यात बंद!

“सर, वरून सावली पडली की ते मिटतात. खायला कुणी आलं असं वाटतं त्यांना. जरा मागं सरका.”

मागं सरकले, तर कुणाला काही दिसेना. दिसावं म्हणून पुढं आले, की पुन्हा बंद. मोरे सर खुशाल हसत होते. मला रडू यायचं तेवढं बाकी होतं. अभ्यासक्रमातला एक प्राणी जिवंत दाखवायचा, तर केवढा हा छळ!

शेवटी प्राचार्य वैतागले. “सगळे बाहेर व्हा! मी एकटा बघतो.”

आम्ही व्हरांड्यात उभे. घंटा झाली, पुढचा तास सुरू झाला, तरी साहेब बाहेर येईनात. किशनमामांनी हळूच दार ढकललं.

प्राचार्य टेबलाशी गुडघ्यांवर बसलेले, नाक टाकीच्या काचेला टेकलेलं.

“दार लावा आधी! सावली पाडून राहिले! आत्ता कुठं पाय बाहेर काढले होते त्यानं!”

काल, सोमवारी, टाकी प्राचार्यांच्या केबिनमध्ये हलवली. विद्यार्थ्यांना ती सोमवारी आणि गुरुवारी पाहता येईल. एका वेळी पाच जण, चपला बाहेर.