होडी सरळ जात होती

मनगट पाण्यात मोडलं नाही, याचंच चष्मेवालीला जास्त वाईट वाटत होतं. बारा वर्षं ती तळ्यावर वल्हं मारत आली होती. वाऱ्यानं होडी उलटली, थंडीत बोटं निळी पडली, एकदा तर समोरून येणाऱ्या होडीचं टोक खांद्याला घासून गेलं. पण तिला कधी साधं खरचटलंही नाही. आणि शेवटी मोडलं कुठं, तर घरात, तिपाईवरून उतरताना. खिडकीचा पडदा अडकवला, खाली न बघता पाय टाकला आणि सगळा भार उजव्या हातावर घेऊन फरशीवर आली. कसं मोडलं म्हणून कुणी विचारलं की ती 'पडले' एवढंच सांगायची. पडद्याचं सांगायची तिला लाज वाटायची.

चष्मेवाली हे नाव तिला चष्मा होता म्हणून पडलं नव्हतं. तिची नजर अजून उत्तम होती. चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसून भिंगं घासायची, फ्रेममध्ये बसवायची, सैल झालेल्या काड्या आवळून द्यायच्या, हे काम ती वीस वर्षं करत होती. तांदळाच्या दाण्याहून बारीक स्क्रू ती बोटाच्या टोकावर उचलून बरोबर भोकात बसवायची. मालक गिऱ्हाइकांना सांगायचे, "आमच्या बाईंच्या हातात यंत्र आहे." आपल्या हातांचा तिला गर्व होता आणि तो ती लपवायचीही नाही.

दुसरा गर्व होता तो होडीचा. तिची होडी दोघींची होती. एक ती आणि दुसरी तिची धाकटी नणंद. ही नणंद गाडी चालवायला शिकवणाऱ्या शाळेत मास्तरीण होती. आवाज खणखणीत, आणि समोरच्याचं बोलणं पुरं होण्याआधी ते खोडून काढायची खोड. चष्मेवाली तिला थट्टेनं जुन्या वळणावर 'वन्सं' म्हणायची, आणि ती हिला 'वहिनी' म्हणून वर दरडावायची. बारा वर्षांपूर्वी, नवीन सून सासरी रुळावी तशी नव्हे, तर चांगली सात वर्षं एकमेकींशी कामापुरतं बोलून झाल्यावर, दोघी एका सुट्टीत सहज तळ्यावर गेल्या आणि तिथल्या होड्यांच्या क्लबात नाव घालूनच परतल्या. चष्मेवालीच्या नवऱ्याला पोहताही येत नव्हतं. तो म्हणायचा, "माझी बायको आणि बहीण माझ्याविरुद्ध एक झाल्या, त्यासाठी सरकारला तळं बांधावं लागलं."

त्यांची होडी लांब, अरुंद, दोन माणसांची. प्रत्येकीच्या हातात एकच वल्हं: मास्तरणीचं एका अंगाला, चष्मेवालीचं दुसऱ्या. होडीला सुकाणू नव्हतं. दोघींचा जोर सारखा पडला तर होडी सरळ जायची. एकीचा कमी पडला की तोंड तिच्या बाजूला वळायचं. क्लबात शिकवणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांच्या गळ्यात कायम स्टॉपवॉच लोंबकळायचं, म्हणून सगळे त्यांना घड्याळकाका म्हणत. ते पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "कुणाची ताकद किती हे मला विचारू नका. होडीला विचारा." चष्मेवालीनं ते वाक्य डोक्यात पक्कं बसवून घेतलं होतं.

प्लास्टर सहा आठवडे राहिलं. ते कापल्यावर आत जो हात निघाला तो तिला आपला वाटेना. बारीक, पांढुरका, कातडी सोलवटलेली. मूठ वळेना. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरून सांगितलं, "हाड जुळलंय, पण किंचित तिरकं. रोजच्या कामाला हात चांगला चालेल. पूर्वीइतका मात्र वळणार नाही." यातलं 'चांगला चालेल' एवढंच घेऊन ती घरी आली. उरलेलं तिनं नवऱ्यालाही सांगितलं नाही.

दुकानात दोन आठवडे तिनं रेटून नेलं. स्क्रू बोटावरून निसटून फरशीवर जायचे आणि ती टेबलाखाली गुडघ्यांवर बसून शोधायची. एकदा एका म्हाताऱ्या बाईंचं भिंग घासताना कड उडाली. मालक चांगले होते, ओरडले नाहीत. "काही दिवस पुढं बसा बाई," म्हणाले, "गिऱ्हाइकांना फ्रेमी दाखवा. तुमच्यासारखं गोड बोलणारं पुढं हवंच आहे." चष्मेवाली आयुष्यात कुणाशी गोड बोलली नव्हती, हे मालकांनाही माहीत होतं. ती पुढं जाऊन बसली. मागच्या खोलीतून दुसऱ्या कुणीतरी चालवलेल्या भिंगं घासायच्या यंत्राचा आवाज दिवसभर यायचा.

आता तिचं उरलंसुरलं सगळं त्या होडीत होतं. शरद ऋतूच्या तोंडाशी तळ्यावर चाळिशी ओलांडलेल्यांची दोन किलोमीटरची शर्यत व्हायची. या दोघी त्यात तिसऱ्या आल्या होत्या, चौथ्या आल्या होत्या, एकदा अर्ध्या होडीच्या अंतरानं दुसऱ्या. पहिल्या कधीच नाही. त्यातच क्लबात एक नवी बाई आली होती, ग्रंथालयात काम करणारी, नुकतीच चाळीस पूर्ण झालेली, उंच आणि मुकाट. मनगट प्लास्टरमध्ये होतं तेवढे दिवस घड्याळकाकांनी तिला मास्तरणीबरोबर बसवलं, आणि त्या दोघींनी अशी वेळ दिली की काकांनी स्टॉपवॉच दोनदा तपासून पाहिलं. चष्मेवाली तेव्हा गळ्यात हात अडकवून काठावर उभी होती. तिनं टाळ्याही वाजवल्या, म्हणजे डावा हात मांडीवर आपटला.

मनगट मोडल्यापासून साडेचार महिन्यांनी ती परत होडीत बसली. आभाळ मळकट होतं आणि पाणी त्याहून मळकट. पहिल्या दहा-बारा फटक्यांतच मनगटात कळ उठली. वल्ह्याचं पातं पाण्याबाहेर काढलं की मनगट वळवून ते आडवं करायचं असतं. ते नीट होईना, आणि पातं परत जाताना पाण्याला चाटत राहिलं. डोळ्यांत पाणी आलं, पण पाठमोऱ्या मास्तरणीला ते दिसायचं काही कारण नव्हतं. आता होडी वळणार, आता वळणार, म्हणून ती धास्तावून बसली होती.

होडी वळली नाही. पार पलीकडच्या टोकापर्यंत दोरी लावल्यासारखी सरळ गेली.

"वन्सं, बघितलंस?" चष्मेवाली धापा टाकत म्हणाली.

"काय बघायचंय?"

"सरळ गेली!"

"मग काय वाकडी जाणार होती? काहीतरीच तुझं."

त्या दिवशी घरी जाताना तिनं रस्त्यात नवऱ्याला फोन केला, एरवी ती फोन करायची ती फक्त किल्ली विसरली तर. पुढचे सात आठवडे ती रोज पहाटे उठून गरम पाण्यात मनगट बुडवायची, रबराचा चेंडू दाबायची, आणि तळ्यावर जायची. होडी रोज सरळ जायची. वेळ मात्र वाईट पडायची, पूर्वीपेक्षा पाऊण मिनिट जास्त. तिनं त्याला कारणं शोधून ठेवली होती: वारा, पाण्यातलं शेवाळ, चार महिन्यांचा खंड, मास्तरणीचं वाढलेलं वय. शेवटचं ती बोलूनही दाखवायची आणि मास्तरीण चक्क ऐकून घ्यायची. तेव्हाच खरं तर तिच्या लक्षात यायला हवं होतं. पण माणसाला जे हवं असतं ते समोर दिसत असलं की तो त्याच्या मागं काय आहे हे बघायला जात नाही, आणि चष्मेवालीही गेली नाही. "होडी सरळ आहे," घड्याळकाका स्टॉपवॉचवर अंगठा दाबत म्हणायचे, "पण झोपलेली आहे." एवढं बोलून ते दुसरीकडे बघायचे.

शर्यतीला बारा दिवस उरले असताना, एका गुरुवारी, मास्तरणीला शिकाऊ मंडळींना घेऊन लायसन्सच्या परीक्षेला जावं लागलं. सराव बुडू नये म्हणून काकांनी ग्रंथालयवालीला चष्मेवालीबरोबर बसवलं. काठापासून पंचवीस-तीस फटके मारले असतील नसतील, होडीचं तोंड वळलं. चष्मेवालीच्या बाजूला. दोघींनी थांबून ती सरळ केली. परत निघाल्या, परत वळली. तिसऱ्यांदा तर होडी सरळ काठच्या लव्हाळ्यात घुसली आणि चष्मेवालीचं वल्हं चिखलात रुतून बसलं.

ग्रंथालयवाली कानापर्यंत लाल झाली होती. "माफ करा हं ताई," ती म्हणाली, "माझंच काहीतरी चुकतंय. मी जास्त ओढतेय का?"

"नाही गं," चष्मेवाली म्हणाली. "तू बरोबर ओढतेयस."

लव्हाळ्यातून होडी मागं घेताना तिला सगळं एकदम समजलं, आणि तोंडात मारल्यासारखं झालं. मास्तरणीच्या गाडीत दोन ब्रेक असतात, एक शिकणाऱ्याच्या पायाखाली, दुसरा तिच्या. नवख्या माणसानं दाबायला उशीर केला की ती आपल्या बाजूचा हळूच दाबते आणि खिडकीबाहेर बघत म्हणते, "शाब्बास, छान थांबवलीत." घरच्या पाहुण्यांना ती हे किस्से हसून हसून सांगायची, आणि सगळ्यांत मोठ्यानं हसायची ती चष्मेवाली.

दोन रात्री तिला धड झोप लागली नाही. रागही आला, पण तो धरून ठेवायला जागा सापडेना. काय म्हणून भांडायचं? माझ्यासाठी सात आठवडे कमी जोर का लावलास, म्हणून? शनिवारपर्यंत तिचं ठरलं होतं. आपणच जागा सोडायची. बोलायचं कसं तेही तिनं जुळवून ठेवलं. ती म्हणेल, तू ग्रंथालयवालीबरोबर बस. मास्तरीण खवळेल, हात नाचवेल, आपल्या सात पिढ्यांचा उद्धार करेल. मग भांडणाअखेरीस काहीतरी मधलं निघेल. ही शर्यत तरी आपण दोघीच करू, मग पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू, असं काहीतरी. मास्तरणीनं आजवर तिचं एकही वाक्य धड पार पडू दिलं नव्हतं, तेव्हा हेही देणार नाही, याची तिला खात्री होती.

शनिवारी सकाळी दोघींनी होडी खांद्यावर घेऊन लाकडी धक्क्यावर आणली आणि पाण्यात सोडली. चष्मेवाली धक्क्याच्या ओल्या फळ्यांवर बसली आणि होडीची कड धरून म्हणाली, "वन्सं, किती दिवस आवरून ओढतेयस?"

मास्तरीण वल्हं अडकवत होती. तिनं मान वर केली नाही. "कोण म्हणालं?"

"होडी म्हणाली. गुरुवारी."

मास्तरणीनं वल्ह्याची खिट्टी घट्ट लावली. मग म्हणाली, "पहिल्या दिवसापासून."

"काकांना माहीत होतं?"

"मीच सांगितलं होतं, बोलू नका म्हणून. मला वाटलं, महिनाभरात येईल तुझा हात. मग वाटलं, अजून पंधरा दिवस." तिनं स्वतःचा डावा खांदा दाबला. "रोखून धरायलाच जास्त लागतं गं. घरी जाऊन शेकत बसते मी. दादाला सांगू नकोस."

तिच्या आवाजातली नेहमीची धार कुठं दिसेना. चष्मेवालीला ती एकाएकी थकलेली आणि परकी वाटली.

"मग तू तिच्याबरोबर बस," चष्मेवाली म्हणाली. जुळवलेलं वाक्य ठरल्यापेक्षा लवकर तोंडातून गेलं. "ग्रंथालयवालीबरोबर. शर्यत तुम्ही दोघी करा."

आणि ती वाट बघू लागली.

"खरंच?" मास्तरीण म्हणाली. "चालेल तुला?"

तिचा चेहरा उजळला होता. तिनं तो लगेच आवरला, कपाळाला आठी आणली, ओठ मिटले. पण चष्मेवालीची नजर चांगली होती, आणि जे दिसायचं ते दिसून गेलं होतं.

"चालेल की. न चालायला काय झालं?"

"नाही, तुला वाईट वाटत असेल तर..."

"वाईट कसलं? हात दुखतो माझा."

"तसं असेल तर... आज आलीय ती. वर कपडे बदलतेय. काकांना आत्ताच सांगते, म्हणजे आजचा दिवस तरी फुकट जायला नको." मास्तरीण उठली. दोन पावलं गेली, परत वळली, वहिनीच्या खांद्यावर हात ठेवला, आणि पायऱ्या दोन-दोन करत वर पळाली. पन्नाशीला टेकलेली बाई अशी पळताना चष्मेवालीनं कधी बघितली नव्हती.

वरून बोलण्याचा आवाज आला. काकांचा, मग ग्रंथालयवालीचा, मग मास्तरणीचा तो खणखणीत, गेले सात आठवडे न ऐकलेला. वारा सुटला होता आणि होडी धक्क्यापासून सुटू बघत होती. चष्मेवालीनं उजव्या हातानं धरून पाहिलं, मनगट लगेच ठणकलं, म्हणून तिनं हात बदलला. त्या दोघी खाली येऊन बसेपर्यंत होडी कुणीतरी धरून ठेवायला हवी होती, आणि धक्क्यावर दुसरं कुणी नव्हतं.