काटा काही उजवीकडं जाईना

मला बघायला माणसं बैलगाडीतून आली, टांग्यातून आली, एक जण तर सायकल रेटत एकटाच आला आणि पोहे खाऊन गेला तो गेलाच. ट्रकमधून आलेलं हे पहिलंच स्थळ. दुसरी मोठी लढाई नुकती संपली होती. सरकारनं लष्कराच्या जुन्या गाड्या लिलावात काढल्या होत्या, आणि कृष्णाकाठच्या एका मुलानं त्यातली एक घेतली होती. तो स्वतः लष्करात ड्रायव्हर होता. आता गावोगावचा गूळ नि हळद सांगलीच्या बाजारात पोचवायचा. त्याच ट्रकात सतरंज्या अंथरून आत्या, मावश्या, मामा, चुलते असली सगळी जत्रा भरून तो आमच्या दारात उतरला. आमचं गाव आटपाडीच्या अंगाला, तिथं मोटार कवातरी दिसायची. निम्मं गाव मला सोडून गाडीच बघायला आलं.

आधी माझं सांगते, म्हणजे त्या दिवशी माझा जीव कशात अडकला होता ते कळेल. मी उंच. आता तुम्ही म्हणाल उंच असणं म्हणजे काय गुन्हा आहे का? आमच्याकडं होता. येईल तो पाहुणा पोहे खायचा, मला उभी राहायला सांगायचा आणि घरी जाऊन निरोप धाडायचा, "पोरगी बरी हाय, पर लय उंच हाय." माझ्या बरोबरीच्या पोरी कडेवर लेकरं घेऊन माहेरपणाला यायच्या आणि मी अजून विहिरीवरनं पाणी वाहत होते. आईनं स्पष्ट सांगून ठेवलं होतं, औंदा जमलं नाही तर नात्यातल्या त्या बिजवराला होकार द्यायचा. त्या बिजवराच्या मिशा पिकल्या होत्या आणि बोलताना तो आपल्याच मांडीवर थापा मारायचा. त्याच्यापेक्षा विहीर बरी, असं मी आईला म्हटलं होतं आणि त्याबद्दल एक रट्टाही खाल्ला होता.

तर गाडी थांबली. मुलगा खाली उतरला, बायकांना उतरायला लाकडी खोकं लावून दिलं आणि आईला म्हणाला, "मावशी, गाडीला पाणी पायजे वाईच. पर प्यायचं नगं. जनावरांच्या डोणीतलं असंल तर तेच द्या."

मी स्वयंपाकघराच्या झरोक्यातून ऐकत होते. आषाढ चालू होता, पण आमच्याकडं आषाढातले ढगसुद्धा नुसते येऊन बघून जातात. घरातला प्रत्येक हंडा माझ्या डोक्यावरनं आलेला. आजवर आलेल्या पाहुण्यांनी हात धुवायला चांगला तांब्या तांब्या पाणी उधळलं होतं, आणि ह्या नदीकाठच्या माणसानं डोणीतलं मागितलं! मी तिथल्या तिथं मनात होकार देऊन टाकला. खरं सांगते, तोंडसुद्धा अजून नीट बघितलं नव्हतं.

पण होकार माझा काय कामाचा! होकार आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. आबा पलटणीतून पेन्शन घेऊन आलेले. पहिल्या लढाईत तिकडं इराकात, बसऱ्याला त्यांनी आधी खेचरं हाकली, मग मोटार शिकले. गावात मोटार नाही, त्यामुळं ती सगळी विद्या ऐकायला घरात आम्ही मायलेकीच. भाकरी थापताना आईला डायनॅमो समजावून सांगणारा दुसरा माणूस अख्ख्या तालुक्यात नसेल. आई "व्हय, व्हय" म्हणायची आणि मी मात्र ऐकत बसायचे.

आबांनी पाहुण्यांना राम राम घातला आणि सोप्यात बसायच्या आधी थेट गाडीत जाऊन बसले. "हाण रं हँडल," म्हणाले. मुलानं पुढून हँडल मारलं, इंजिन लागलं. आबा समोरच्या चकतीकडं बघत राहिले. घड्याळाएवढीच चकती, मध्ये शून्य. गाडी वीज तयार करत असली की काटा उजवीकडं जातो, नुसतीच खात असली की डावीकडं. काटा मध्येच मेल्यासारखा पडला होता, असं आबा मागनं सांगायचे.

आबांनी चकतीवर टिचकी मारली. काटा ढिम्म. पाय दाबून इंजिन मोठं केलं, तरी तेच. दिवे लावले तर ते काजव्यासारखे लुकलुकले. हॉर्न दाबला तर शेळी खोकल्यागत झालं. आई माझ्या मागं येऊन उभी होती. ती म्हणाली, "झालं! आता ह्ये दुपारपातूर काय गाडीतनं निघत न्हाईत."

"कवापासनं हाय ह्ये?" आबांनी विचारलं.

"सकाळी निघताना बघितलं, आबा," मुलगा म्हणाला. "काल माल उतरवून घरी लावली तवा काटा चांगला हुता. रात्रीत काय झालं कळंना. मंडळी गाडीत बसलेली, मग म्हनलं पोचल्यावर बघू."

इंजिनावरचं टोपण वर झालं. गाडीचं तोंड नेमकं माझ्या झरोक्याकडं होतं. झरोका उंचावर, पण मला टाचासुद्धा उचलायला लागल्या नाहीत. उंचीचा तेवढा एक फायदा मी भोगला. आबांनी पट्टा अंगठ्यानं दाबला, तो ताठ होता. वायरी ओढून बघितल्या, सगळ्या जागेवर. मग डायनॅमोला नाक लावून वास घेतला आणि मान हलवली. तेवढ्यात मुलानं ब्याटरीवरची चिमटी धरून जरा पिळली. ब्याटरीच्या डोक्यावर दोन खुंट असतात, त्यांना वायरीच्या चिमट्या आवळलेल्या असतात. चिमटी सरकली आणि खालचा लालभडक रंग मला दिसला.

तो रंग मी ओळखला नसता तर नवलच. चार दिवसांमागं बैलांचा सण, बेंदूर झाला होता, आणि आमच्या बैलांच्या शिंगांना हिंगूळ मीच लावला होता. बोटांची लाली अजून गेली नव्हती.

मुलालाही तो दिसला. त्यानं एकदा रंगाकडं बघितलं, एकदा सोप्यात बसलेल्या आपल्या म्हाताऱ्याकडं, म्हणजे बापाकडं बघितलं. म्हातारा तिथं सगळ्यांना सांगत होता, "गाडी बगा, कशी नवरीगत हाय!" मुलानं गुपचूप चिमटी होती तशी बसवली आणि रंग कुणाला न दिसता खरवडायला खिशातनं चाकू काढला.

"हात काढ," आबा म्हणाले. "डायनॅमो जळलाय."

मी मनात म्हटलं, आता सांगेल. आता तरी सांगेल. तर हा पठ्ठ्या म्हणतो, "असंल आबा. माझीच चूक."

अरे देवा! आबांचा पारा चढला. "जळका डायनॅमो घिऊन बायामाणसं बसवून आणलीस? आन् म्हणं लष्करात डायवर हुतो! खेचरं हाकली असशील." स्वतः खेचरं हाकलेला माणूस हे बोलत होता, पण ते सांगणार कोण? पोरगा खाली मान घालून उभा. सोप्यात येऊन आबा आईला हळू आवाजात म्हणाले, "पोहे दे आन् वाटंला लाव. ज्येला गाडीचं दुखणं कळंना, त्येच्या हाती पोरगी देऊ?"

मला तो बिजवर डोळ्यांपुढं दिसायला लागला. मांडीवर थाप मारताना.

आईनं माझ्या हातात पोह्यांचं ताट दिलं आणि मला बाहेर ढकललं. मी पाटावर बसले. मुलाच्या आत्यानं डोक्यापासून पायापर्यंत मला मोजलं आणि विचारलं, "सैपाक येतो न्हवं समदा?"

"येतो," मी म्हणाले. आणि त्याच दमात, "आबा, डायनॅमो जळला न्हाई. ब्याटरीच्या खुंटांवर हिंगूळ हाय, चिमटीच्या खाली. म्या झरोक्यातनं बघितलाय."

दाखवायला आणलेल्या पोरीनं तोंड उघडावं तेच मुळात जास्त, आणि हिनं उघडलं ते ब्याटरीवर! आईनं मागून पाठीला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं.

आबा उठले. त्यांच्यामागं सगळी जत्रा उठली. आबांनी चिमटी काढून वर धरली, खालचा खुंट लालभडक. दुसरी काढली, तोही तसाच. रंगातून वीज जाणार कुठनं?

"कुणाचं काम ह्ये?"

"माझं," मुलगा म्हणाला.

"तुझं? डायवर असून खुंटाला रंग लावलास?"

"व्हय. चुकलं."

"आवं, त्यो कशाचा लावतोय!" म्हातारा गर्दीतनं पुढं आला. "त्येला ठावंबी न्हवतं. काल सांजच्याला म्या लावला. बेंदराला ही गाडी गूळ घिऊन सांगलीला, घरात नुसती बैलं. वर्सभर बैलागत राबती ती, मग तिचा बेंदूर नगं? पाव्हण्यांच्या दारात काय तशीच न्यायची? टोपण उघडून बघतोय तर दोन शिंगं! वासराला फुटत्यात तेवढीच. दावी सोडली, रंग दिला, वाळवला, परत दावी आवळली. नुसती पोळी तेवढी चारायची ऱ्हायली. तोंड कुठंशी हाय तेच घावंना!"

आधी आत्या हसली, मग माझी आई, मग सगळं गाव. म्हाताऱ्याला हसायचं कारण कळलं नाही, तरी तोही हसला. आबा तेवढे हसले नाहीत. ते मुलाकडं बघत होते.

"तुला मघाशी दिसला हुता रंग."

मुलगा टोपणावरची धूळ पुसायला लागला.

"दिसला हुता का न्हाई?"

"दिसला हुता."

त्यापुढं आबांनी काही विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? चार माणसांत बापाचं हसं होऊ नये म्हणून पोरगा खेचरं हाकणारा ठरला होता, वर हातची सोयरीक घालवायला निघाला होता. मला त्याचा इतका राग आला! आणि इतका तो आवडला की पदर तोंडाला लावून मी तिथंच उभी राहिले. माझी आत जायची वेळ होऊन गेली होती, हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

"पोरी," आबा मला म्हणाले, "पेटीतला काचकागद आण."

मी आणला. एक खुंट आबांनी घासला, दुसरा मला घासायला सांगितला. बघायला आलेल्या बायका बघतच राहिल्या. चिमट्या आवळल्या. मुलानं हँडल मारलं. आबांनी खिडकीतून आत मान घातली, त्यांच्या खांद्यावरून मीही बघितलं. काटा थरथरला आणि सरळ उजवीकडं जाऊन बसला. हॉर्न दाबला तर शेजारची कोंबडी कौलावर चढली.

आबांनी हात पुसले. सोप्याकडं वळले आणि म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "इवाई, फुडल्या बेंदराला बैलांचीच शिंगं रंगवा. चला, पोहे थंड झालं."

सकाळपासून पाव्हणं, पाव्हणं चाललं होतं. आता इवाई, म्हणजे व्याही! आईनं माझ्याकडं बघितलं आणि तिचे डोळे भरले. मुलगा हँडल हातात धरून तसाच उभा होता, कुठं ठेवावं ते त्याला सुचत नव्हतं. सगळे हसत-बोलत आत गेले. माझं लग्न ठरलं होतं, आणि मला एका माणसानंसुद्धा विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मी हो म्हणायला डोणीपाशीच तयार होते. पण विचारायला काय झालं होतं मेल्यांना!