गेलेल्या पाइपचा सूर

भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी आयुष्यभर तोंडावर हसलो. आता पंच्याहत्तरीला मीच लिहायला बसलोय… चौथी नापास माणूस, चुकलं तर सोडून द्या.

छावणीजवळ एक जुनं कॅथलिक चर्च होतं, आता तिथं लग्नाचा हॉल आहे. वरच्या माडीवर पाइपांचा ऑर्गन अजून उभा आहे – काढायला अवघड म्हणून ठेवलेला. पूर्वी त्याचा भाता अंतोन मारायचा. माझा दोस्त. पुढं बाई वाजवायच्या, मागं हा दांडा दाबायचा. म्हणायचा, "वाजवतो मीच, बाई नुसती बोटं हलवती."

मी कल्हईवाला. एकदा अंतोननंच मला चिरलेल्या पाइपांना डाग देऊन सांधायला नेलं. धातू हातात घेताच कळलं – कथील, कल्हईला लागतं तेच. त्या लग्नसराईत कथील कुठं मिळत नव्हतं, आणि करमाडच्या पाटलाला मी शब्द देऊन बसलेलो. मागच्या रांगेतला हातभर पाइप नवसागराच्या पिशवीत घातला. घरी वितळवला. पाटलाची भांडी आरशासारखी करून दिली. लई वाहवा झाली.

रविवारी एक सूर निघेना. पाइपांमागं जाणारा अंतोन एकटाच, म्हणून लोक त्याच्याकडं बघायला लागले. फादर काही बोलले नाहीत. अंतोननंच आपणहून भात्याचं काम सोडलं, पण चोर हे नाव झालं ते झालंच. मी गप्प. माझ्या कामाकडं कुणी बोट दाखवलेलं मला खपत नाय, चोर कसा म्हणवून घेऊ?

मागच्या उन्हाळ्यात हॉलवाल्यानं पातेल्यांना कल्हई करायला बोलावलं. अंतोन आता तिथंच राखणीला असतो. भर दुपारी दोघं चहा पीत बसलो होतो, तर वरून एकच सूर आला… बारीक, लांब. वारा नाय, वर कुणी नाय. भाता तर उंदरांनी केव्हाच खाल्लेला.

अंतोनचा कप हातातच राहिला. "तोच हाय," म्हणाला.

गुडघे धरत जिना चढलो. रांगेत ती जागा रिकामीच. आवाज त्या भोकातून येत होता. आम्ही जवळ गेलो अन् थांबला.

अंतोन डोळे पुसत हसला. "ऐकलंस ना रं? पाइप अजून हितंच वाजतोय. आता तरी सांग लोकांना, म्या इकला नव्हता."

"व्हय," म्हणलो. एवढंच.

नंतर दोघा-तिघांना विचारलं. कुणी पाकोळ्या म्हणतं, कुणी उन्हानं लाकूड तडकलं म्हणतं. मला पटत नाय. तो सूर कुठून आला हे आजही सांगता येत नाय. पाइप कुठं गेला, ते मात्र तिथंच, अंतोनच्या शेजारी उभं राहून सांगता येत होतं.