खंडेनवमीची रायफल

ही हकीकत सांगायचं मी सात वर्षं टाळलं. विषय निघाला की चहा करायला उठायचो, नाहीतर हसून पुढे जायचो. आमच्या कार्डिफच्या मराठी मंडळींत ती गंमत म्हणून माहीत आहे: डॉक्टरांच्या बायकोने बंदुकीची पूजा केली, अक्षता आत गेल्या आणि गोळी सुटली. दिवाळीच्या जेवणात कोणीतरी ती सांगतंच. माझी बायको तेव्हा मान खाली घालून वाढत राहायची. ती आता नाही. गोष्ट अजून तशीच सांगितली जाते, आणि ती खोटी आहे.

मी भूल देणारा डॉक्टर. नागपूरहून इथे आलो आणि इथल्या सरकारी इस्पितळात तीस वर्षं काढली. कॉलेजात असताना छात्रसेनेच्या शिबिरात पालथं पडून पॉइंट टू-टू रायफलीच्या पाच गोळ्या झाडल्या होत्या. ती हौस मनात तशीच राहिली. निवृत्त झाल्यावर शहराबाहेरच्या एका रायफल क्लबात नाव घातलं. काही महिने क्लबची रायफल वापरून शिकायचं, मग पोलिसांकडे बंदूक बाळगायच्या सर्टिफिकेटसाठी अर्ज, मग त्यांचा माणूस घरी येऊन भिंतीला बोल्ट केलेलं लोखंडी कपाट हलवून बघणार. त्या माणसाने बायकोला विचारलं, घरात बंदूक असण्याबद्दल तुम्हाला काही वाटतं का? ती म्हणाली, "यांनी तीस वर्षं लोकांना झोपवलं. आता कागदाला भोकं पाडू देत."

माझी पहिली रायफल सेकंडहँड होती, साधी, एकेक गोळी घालायची. ती घरी आली आणि मला तिला नटवायचं वेड लागलं. आधी दुर्बीण बदलली. मग दस्ता बदलला. जुना लाकडी काढून गाल टेकवायच्या जागेची उंची कमीजास्त करता येईल असा घेतला. मग पुढचे दोन पाय, बायपॉड म्हणतात ते. मग पट्टा, मग बोल्टची, म्हणजे गोळी आत ढकलणाऱ्या दांड्याची, मोठी मूठ. रोज काहीतरी पार्सल यायचं. बायको दारातूनच ओरडायची, "अहो, तुमच्या सुनेचा आणखी एक दागिना आला!"

क्लबात मला शिकवणारा गृहस्थ माझ्याच वयाचा, वेल्श, जन्मभर बसगाड्या दुरुस्त केलेला. रेंजवर सुरक्षेची जबाबदारीही त्याचीच. माझी रायफल बघून तो म्हणाला, "डॉक्टर, हे ख्रिसमसचं झाड आहे का? दिवे कुठे लावणार?" आणि मग हसू थांबवून म्हणाला, "हवं ते बदल. ट्रिगरला मात्र हात लावायचा नाही. तो बंदूकवाल्याकडूनच करून घ्यायचा. कबूल?"

मी कबूल म्हणालो.

पण माझे नेम डावीकडे जायचे. ट्रिगर जड आहे, तो ओढताना हात हलतो, असं मी ठरवून टाकलं. एका दुकानाच्या वेबसाइटवर हलकी स्प्रिंग मिळाली. इतकी वर्षं लोकांच्या शिरा शोधल्या, एवढीशी स्प्रिंग काय अवघड? अर्ध्या तासात बसवली. सोबतचा एक स्क्रूही फिरवला, किती ते अंदाजाने. ट्रिगर आपोआप सुटत नाही ना, हे बघायला घरी रिकाम्या रायफलीवर दहा-बारा वेळा बोल्ट बंद करून पाहिला. काही झालं नाही. कोणाला सांगितलं नाही.

त्याच आठवड्यात खंडेनवमी आली. आमच्याकडे दर वर्षी देवघरापुढे पाटावर विळी, कात्री, माझा स्टेथोस्कोप आणि गाडीची किल्ली मांडली जायची. बायको म्हणाली, "इतकी वर्षं विळीवर भागवलं. यंदा घरात खरं शस्त्र आहे, ते कपाटात बंद ठेवू? काढा बाहेर."

रायफल माझ्या नजरेसमोर असेल तर त्यात बेकायदा काही नव्हतं. मी बोल्ट काढून ठेवला आणि रायफल पाटावर आडवी ठेवली. तिने नव्या दस्त्यावर हळदकुंकवाचं बोट लावलं, शेवंतीचं फूल ठेवलं, कुंकवात घोळलेल्या चार अक्षता वाहिल्या. मुलगी वॉटफर्डहून व्हिडिओवर होती. "आई, तू बंदूकला कुंकू लावला? सो क्यूट!" बायको म्हणाली, "लावला नाही गं, लावलं. आणि नमस्कार कर." मी नंतर रायफल फडक्याने पुसली आणि कपाटात ठेवली. व्यवस्थित पुसली. हे मी खात्रीने सांगतो, कारण पुढे सगळं खापर त्या अक्षतांवरच फुटलं.

दोन दिवसांनी शनिवार होता. रेंजवर आम्ही सहाजण होतो. मी पालथा पडून बायपॉड नीट टेकवत होतो, नळी जरा खाली झुकलेली. मला शिकवणारा तो वेल्श गृहस्थ माझ्या उजव्या बाजूला वाकून उभा होता. मी गोळी घातली आणि बोल्ट बंद केला. बोट ट्रिगरच्या जवळपासही नव्हतं.

गोळी सुटली. मी पडलो होतो त्या काँक्रीटच्या ओट्याच्या पुढच्या कडेवर आदळली आणि तिथला एक टवका उडाला.

"थांबा! सगळे थांबा!" तो ओरडला. त्याने माझ्या हातून रायफल घेतली, बोल्ट उघडला, आत काही नाही हे डोळ्यांनी आणि बोटाने तपासलं, रायफल खाली ठेवली. एवढं सगळं झाल्यावरच त्याने गालाला हात लावला. डाव्या डोळ्याच्या खाली बोटभर अंतरावर कातडी उघडी पडली होती, रक्त कॉलरपर्यंत आलं होतं. मी रुमाल दाबून धरला. डॉक्टर म्हणून तेवढंच मला सुचलं. त्याचं तोंड माझ्या कानाजवळ होतं. तो हळू आवाजात म्हणाला, "ट्रिगरला हात लावला होतास?"

"नाही," मी म्हणालो.

चार टाके पडले. क्लबच्या सेक्रेटरीने सांगितलं, सोमवारी रायफल बंदूकवाल्याकडे तपासायला जाईल, तोवर तुझ्या कपाटात ठेव. माझ्यावर विश्वास होता म्हणून ती माझ्याकडे राहिली.

घरी आलो तर बायकोला माझ्या चेहऱ्यावरूनच कळलं. मी सगळं सांगितलं, स्प्रिंग सोडून. ती सोफ्याच्या कडेवर बसली. मग म्हणाली, "अहो, अक्षता तर नाही ना गेल्या आत?"

माझ्या मनात ते आलंही नव्हतं. तिच्या तोंडून ते ऐकलं आणि मला सुटका दिसली. तेव्हाच "छे, काहीतरीच काय" म्हणायचं होतं. मी म्हणालो, "बघतो."

रविवारी सकाळी ती स्वयंपाकघरात नागपूरच्या बहिणीशी फोनवर बोलत होती. मी वर जाऊन रायफल खोलली. हलकी स्प्रिंग काढून मूळची बसवली, स्क्रू जागेवर आणला. नंतर देवघरातल्या अक्षतांच्या वाटीतून एक दाणा घेतला आणि चिमट्याने ट्रिगरच्या खोबणीत ठेवला.

हे लिहायलाच मला सात वर्षं लागली.

यातलंही एक सांगायचं राहतं. तांदूळ स्वयंपाकघरात डबाभर होते. बंदूकवाल्याला किंवा कमिटीला पांढरा दाणाही चालला असता. त्यांना काय फरक कळणार? पण आमच्या घरच्या अक्षता लाल असतात, कुंकवात घोळलेल्या, आणि तांदूळही आखूड. पांढरा लांब दाणा दिसला असता तर माझ्या बायकोने क्षणात ओळखलं असतं की हा आपल्या हातचा नाही. तो लाल दाणा मी तिच्यासाठी निवडला. तिला पटावं म्हणून.

पुढच्या आठवड्यात कमिटी बसली. पाचजण, क्लबाच्या छोट्या खोलीत, मधे चहाची किटली. बायको म्हणाली होती, "मी येते. माझ्या हातून झालंय, तुम्ही एकटे का ऐकून घ्याल?" मी तिला नको म्हणालो, पण एकदाच म्हणालो.

सेक्रेटरीने बंदूकवाल्याची चिठ्ठी वाचली: ट्रिगर मूळचा, ओढायला लागणारं वजन योग्य, आत परका पदार्थ सापडला. प्लास्टिकच्या लहान पिशवीत तो दाणा टेबलावर ठेवला होता. मी खंडेनवमी समजावून सांगितली. मला आठवतं, मी बोलू लागलो तशी खोली सभ्य होत गेली. दुसऱ्याच्या धर्माबद्दल जास्त विचारायला कोणी धजेना. एरवी एक गोळी जास्त आणली तरी उलटतपासणी घेणारी ती माणसं माना डोलवत होती. मी त्या सभ्यतेच्या मागे लपलो.

बायकोने पिशवी उचलून उजेडात धरली. "हो," ती मला मराठीत म्हणाली, "आपलीच आहे." मग पदर सावरून उभी राहिली आणि तिच्या इंग्रजीत म्हणाली, "सॉरी. इट वॉज माय मिस्टेक. ही इज अ व्हेरी केअरफुल मॅन."

मी टेबलाकडे बघत होतो. इस्पितळात शिकाऊ डॉक्टरांना मी नेहमी सांगायचो, चूक झाली तर त्याच दिवशी, स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवा. उठून बोलायला एक वाक्य पुरलं असतं. सर्टिफिकेट गेलं असतं, पोलीस आले असते, अडुसष्टाव्या वर्षी लोकांनी नावं ठेवली असती. एवढंच. ती उभी होती आणि मी बसून राहिलो.

मला लेखी ताकीद मिळाली. पोलिसांचा माणूस येऊन कपाट बघून गेला, त्यालाही मी हेच सांगितलं. कमिटी उठली त्या दिवशी बाहेर गाड्यांपाशी तो माझा वेल्श मित्र थांबला होता, गालावर अजून पट्टी. बायको गाडीत जाऊन बसली तेव्हा तो म्हणाला, "चाळीस वर्षं मी यंत्रं उघडली, डॉक्टर. तो दाणा जिथे होता तिथे आपला आपण पोचेल असं मला वाटत नाही. तुला काही सांगायचंय?"

"काय सांगणार?" मी म्हणालो.

त्याने गाडीच्या काचेतून माझ्या बायकोकडे पाहिलं. मग म्हणाला, "त्या बाई फार चांगल्या आहेत," आणि निघून गेला. त्याने मला पुन्हा शिकवलं नाही. मीही रेंजवर जाईनासा झालो आणि वर्षाच्या आत रायफल सगळ्या दागिन्यांसकट विकून टाकली.

बायकोने मात्र ते सोडलं नाही. त्याचे टाके निघायच्या आत ती बेसनाचे लाडू घेऊन त्याच्या घरी गेली, आणि पुढे दर ख्रिसमसला डबा पाठवत राहिली. वर कार्ड, त्यावर तिच्या हातचं एकच वाक्य, सॉरी. त्याने तिला कधी काही सांगितलं नाही. पुढच्या खंडेनवमीला पाट मांडला गेला नाही. मी विचारलं तर म्हणाली, "देवाला केलं ते माणसाच्या डोळ्यावर बेतलं. नको आता." नवी गाडी घेतली तेव्हा मुलगी म्हणाली, "आई, स्वस्तिक काढ ना." तिने कुंकवाची कोयरी मुलीच्या हातात दिली. "तू काढ. माझ्या हाताला यश नाही."

मी शेजारीच उभा होतो.

गेल्या हिवाळ्यात ती इस्पितळात होती, मी काम केलं त्याच इमारतीत, तीन मजले वर. फार दिवस नाहीत हे आम्हा दोघांना माहीत होतं. एका दुपारी मी बसमध्ये मनात वाक्य जुळवत गेलो. आज सांगायचंच. खुर्ची तिच्या पलंगाजवळ ओढली. तिचे डोळे उघडे होते.

"अहो," ती म्हणाली, "एक बोलू? रागावणार नाही ना?"

"बोल."

"त्या गोळीचं. माझ्यामुळे तुम्हाला सगळ्यांसमोर मान खाली घालावी लागली. तुमची एवढी हौसेची रायफल गेली. त्या गृहस्थांना शंभरदा सॉरी म्हटलं, तुमची माफी मात्र कधी धड मागितलीच नाही."

माझं वाक्य तयार होतं. आता ते सांगितलं तर ती काय म्हणेल, हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तिथे राग नव्हताच, आणि तेच मला सोसलं नसतं.

"अगं, मी ते केव्हाच विसरलो," मी म्हणालो.

"पण माफ केलंत ना?"

"केलं."

तिने माझा हात दाबला आणि डोळे मिटले. त्यानंतर ती चार दिवस होती. पाणी मागितलं, मुलीची चौकशी केली, खिडकीचा पडदा सारायला सांगितला. दर वेळी मी तिथेच होतो. दर वेळी वेळ होता.

मला म्हणायचं होतं ते एवढंच होतं: तुझ्या हातून काही झालं नव्हतं गं. दाणा मी ठेवला होता, तुला पटावा म्हणून लाल बघून ठेवला होता. मला माफ कर.