वाळला म्हणजे सुका

यवतमाळातल्या आमच्या कॉलनीत कचरा वेगळा करायला शिकवण्यासाठी बचत गटाच्या बायका आल्या, तेव्हा मी कपाळाला आठ्या घालूनच बसले. ओला हिरव्या डब्यात, सुका निळ्या डब्यात, एवढं सांगायला सभा कशाला? आई मात्र कान देऊन ऐकत होती. बाबा गेल्यापासून तिचं असं कशातच लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशी निळ्या डब्यात, रद्दीवर, झेंडूचा हार दिसला. बाबांच्या फोटोवरचा, तेरवीचा. तो काढायचा विषय निघाला की आई उठून आत जायची. माझं डोकंच फिरलं. का टाकलास म्हणून विचारलं, तर शांतपणे म्हणाली, "वाळला ना तो. वाळला म्हणजे सुकाच. सुक्याचं पुन्हा काही बनते म्हने."

गटातली एक बाई समोरच राहते, तिला आईनंच बोलावून विचारलं. तिनं हळूच समजावलं की फूल वाळलं तरी ते ओल्यातच. जे मातीत मिसळतं ते ओलं. दोरा तेवढा प्लास्टिकचा, तो सुक्यात. आईनं हार डब्यातून उचलून हातात घेतला.

"मंग मानूस बी वलाच म्हना," ती म्हणाली.

आईनं खाली बसून एकेक फूल दोऱ्यातून ओढून काढलं. कॉलनीच्या मोकळ्या प्लॉटवर खताचा खड्डा आहे, तिथवर टोपली तिनं स्वतःच नेली. बाबांना नेलं तेव्हा आम्हा मायलेकींना फाटकाशीच थांबवलं होतं. बायका मोक्षधामात जात नाहीत म्हणे. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. आई त्याबद्दल कधी चकार शब्द बोलली नव्हती.

खड्ड्यात फुलं टाकून तिनं वर ओंजळीनं माती लोटली. मीही लोटली. मग ती रडली, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मोकळं रडली.

"तवा मले फाटकातूनच परतवलं," ती म्हणाली. "आता पोचवून आली मी त्यायले."

घरी आल्यावर कशालाही हात न लावता ती सरळ न्हाणीत गेली आणि डोक्यावरून पाणी घेऊनच बाहेर आली. तिच्यामागून मीही आंघोळ केली.